विकायच्या घराला रंग कशाला?

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही वाडीतले वडिलोपार्जित घर विकायचा विषय निघाला की एकच सल्ला मिळतो : आधी घर नीट करून घ्या, मग विका. दलाल तेच सांगतो, मुंबईत राहणारे नातलग तेच सांगतात, आणि हळूहळू वारसांनाही ते पटते. हा सल्ला चुकीचा आहे. त्याने वारसांचे पैसे जातात आणि घराचेही नुकसान होते, असे माझे म्हणणे आहे. तरी आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडू; निवाडा वाचकाने करावा.

पूर्वपक्ष असा. गिऱ्हाईक घर आधी डोळ्यांनी घेते. पडवीची फुटकी कौले आणि ओल आलेले माजघर दिसले की ते भाव पाडते, आणि दुरुस्तीला लागेल त्याहून कितीतरी जास्त पाडते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची छपरे उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर घाईने पत्रे टाकलेली घरे आजही तशीच उभी आहेत. त्यांना कोण मोल देणार? शिवाय 2020 मध्ये मांडव्याची रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकराला शनिवारी येऊन राहता येईल असे तयार घर हवे. आणि केलेला खर्च करातून वजा होतोच. यांतला एकही मुद्दा पोरकट नाही. म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे.

गिऱ्हाईक म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवू. जुने घर पाहायला येणाऱ्यांत एकाला जागा हवी असते. तो घर पाडणार आहे. तुम्ही बसवलेल्या फरश्या त्याच्या जेसीबीखाली जातील. दुसऱ्याला जुने घरच हवे असते. सागवानी खांब, तुळया, पाटणीचा माळा यांसाठी तो आलेला असतो, आणि दुरुस्ती त्याला आपल्या मनाप्रमाणे करायची असते. त्याला तुमची चकचकीत फरशी उखडावी लागेल, म्हणजे तो तिचे पैसे देणार नाही, उलट उखडण्याचा खर्च भावातून कापेल. राहता राहिला तयार घर मागणारा. तो असतो, मी नाकारत नाही. पण त्याच्यासाठी नवे बंगले बांधून उभे आहेत; शंभर वर्षांच्या घराची डागडुजी करून त्यांच्याशी स्पर्धा कशी करणार?

आता भिंतीकडे जवळून पाहू, कारण खरे नुकसान तिथे होते. आपली जुनी घरे दगडी जोत्यावर, मातीत किंवा चुन्यात बांधलेली. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून आणि सारवलेल्या भुईतून बाहेर पडत असे. विकायच्या घाईत त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, वर ऑइलपेंट, खाली चिकटवलेल्या फरश्या. ओल थांबत नाही. तिची वाट बंद होते. मग ती भिंतीत आणखी वर चढते, खारे पाणी आत सुकते, मिठाचे कण फुगतात आणि गिलावा पापुद्रे सोडू लागतो. लोणा म्हणतात तो हाच. फरशीत गाडलेला खांबाचा बुंधा ओला राहतो, आणि वाळवीला याहून चांगले निमंत्रण दुसरे नाही. बोटाच्या टिचकीने पोकळ गिलावा ओळखणारा वास्तुविशारद घेऊन जाणता गिऱ्हाईक येतो, ताजा रंग पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो : याखाली काय झाकले आहे? उघडी ओल त्याने पाहून भाव केला असता. झाकलेल्या ओलीचा तो संशय धरतो, आणि संशयाचा भाव नेहमीच कमी असतो.

आणि सौदे मोडतात कशाने? ओलीने नव्हे, कागदाने. घर गावठाणात असते, पण भोवतीची माडा-पोफळीची वाडी बहुधा सातबाऱ्यावर शेतजमीन असते. 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 सांगते की बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मुंबईचा गिऱ्हाईक शेतकरी नसेल तर तुमचे रंगवलेले घर त्याला वाडीशिवायच घ्यावे लागेल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात एखाद्या कुळाचे नाव आहे का, हे किती वारसांनी पाहिलेले असते? अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कूळ शेतकऱ्यांचा संप 1933 पासून 1939 पर्यंत चालला. या जिल्ह्यात कूळ म्हणजे केवळ इतिहास नव्हे.

त्याहून अवघड वारसांची नावे. सातबाऱ्यावर अजून आजोबा असतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल यांनंतर सहदायिक मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत. म्हणजे लग्न होऊन पनवेलला गेलेल्या आत्याची सही लागते. नाहीतर तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मृत्युपत्राशिवाय वर्ग एकच्या वारसांकडे आलेल्या मिळकतीत एक वारस आपला हिस्सा विकू लागला तर इतरांना आधी घेण्याचा हक्क आहे. याच कायद्याचे कलम 22 वाचा. अशा वेळी एका भावाने स्वतःच्या खिशातून घर रंगवले तर काय होते? तो खर्च मागतो, बहिणी विचारतात, आम्हाला विचारले होते का? रंगाबरोबर भांडणही चढते.

किनाऱ्यालगतच्या घरात आणखी एक धोका. किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांनुसार ना-विकास क्षेत्रात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र वाढवता येत नाही. ‘नीट करताना’ परवानगीवाचून एक खोली पुढे काढली की विकण्याजोगे घर वादग्रस्त बांधकाम होते.

कराचा मुद्दा थोडक्यात. रंग आणि किरकोळ डागडुजी हा भांडवली सुधारणेचा खर्च धरला जात नाही. खरी सुधारणा धरली तरी 23 जुलै 2024 पासूनच्या साडेबारा टक्के दराने 10 लाखांवर करबचत सव्वा लाखाची. उरलेले पावणेनऊ लाख परत मिळतील याची हमी कोण देतो? जुन्या घराच्या करात खरा फरक पडतो तो 1 एप्रिल 2001 च्या बाजारमूल्याने, आणि ते नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्यायला रंगाच्या एका डब्याचीही गरज नाही.

घर गळू द्या, असे मी म्हणत नाही. पावसाआधी कौले चाळून घ्यावीत, खचलेला वासा बदलावा, वाळवी मारावी, परसातला पाचोळा उचलावा, विहीर उपसावी. घर टिकवण्यापुरता खर्च करावा. मूल्य वाढवण्याच्या आशेने एक रुपयाही नको.

तेव्हा विकायचे ठरले असेल तर गवंड्याआधी तलाठी कार्यालयात जा. वारसनोंद करून घ्या, फेरफार तपासा, गावठाणातली मिळकत पत्रिका काढा, सगळ्या भावा-बहिणींना एका जागी बसवून सह्यांचे ठरवा. मग घर आहे तसे, ओलीसकट दाखवा.