पंचेंद्रियांच्या वाटेनें



आमच्या शेजारीं एक निवृत्त पोलीस हवालदार राहत असत. दिवाळींत फटाका वाजला कीं ते दचकून आंतल्या खोलींत जाऊन बसत, आणि आम्ही मंडळी हंसत असूं. नोकरींत त्यांनीं काय पाहिलें होतें, हें मीं कधीं विचारलें नाहीं. त्या हंसण्याची आज लाज वाटते, म्हणूनच हा इतिहास सांगावयास बसलों आहें.

पहिलें महायुद्ध सुरू असतां, फेब्रुवारी १९१५ मध्यें, चार्लस मायर्स या इंग्रज डॉक्टरांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफेचे गोळे जवळच फुटल्यानंतर त्यांची स्मृति, दृष्टि, घ्राण व रुचि यांत बिघाड झाला होता. 'शेल-शॉक' हा शब्द या लेखामुळें वैद्यकांत रूढ झाला. आघात मनावर, पण त्याची खूण उमटली इंद्रियांवर! लष्करी शिस्तीला मात्र हा विकार भ्याडपणासारखा दिसे. पलायन, भ्याडपणा इत्यादि आरोपांवरून ब्रिटिश फौजेनें त्या युद्धांत तीनशेंहून अधिक सैनिकांस गोळ्या घातल्या. त्यांत कांहीं खरोखर आजारी होते. त्यांस क्षमा मिळाली ती २००६ सालीं!

एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथें आजारी लष्करी अधिकाऱ्यांसाठीं रुग्णालय होतें. १९१७ सालीं तेथें डॉक्टर रिव्हर्स हे रोग्यांना आठवणी दडपण्याऐवजीं बोलून दाखविण्यास सांगत. त्यांचे सहकारी आर्थर ब्रॉक रोग्यांना बागकामास, हिंडण्याफिरण्यास, लिहिण्यास लावीत. भोंवतालच्या जगाशीं तुटलेलें नातें पुन्हां जोडावें, हा त्यांचा हेतु.

१९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें या आघातोत्तर विकारास आपल्या ग्रंथांत स्वतंत्र स्थान दिलें. १९८९ सालीं फ्रॅन्सिन शपिरो यांनीं आपली रीत प्रसिद्ध केली. रोग्यानें तो प्रसंग आठवीत डॉक्टरांच्या हलत्या बोटामागें डोळे डावीउजवीकडे फिरवावे, अशी ती रीत. ती कशामुळें गुण देते याविषयीं मतभेद आहेत. तरी २०१३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली. त्याच वर्षीं वरील अमेरिकन ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत पोलिसांचा नांवानें उल्लेख आला. मुलांवरील अत्याचारांचे तपशील वारंवार कानांवर पडूनही हा विकार जडूं शकतो, असें त्यांत मान्य केलें आहे.

सैनिकाचें युद्ध केव्हां तरी संपतें. पोलिसानें काल अपघातांतलें प्रेत उचललें, आज दंगल आवरली, आणि रात्रीं घरीं मुलांसह जेवावयास बसावयाचें. गेलेला प्रसंग मग एखाद्या वासानें, एखाद्या आवाजानें अवचित परत येतो. म्हणून तज्ज्ञ त्याच वाटेनें त्याला वर्तमानांत आणूं पाहतात. पाय जमिनीवर घट्ट टेकावे, हातांवर गार पाणी घ्यावें, समोरच्या पांच वस्तूंचीं नांवें घ्यावीं, श्वास सावकाश सोडावा. वादळ ओसरेपर्यंत एवढा आधार पुष्कळ झाला; पुढील उपचार वैद्यांच्याच हातीं द्यावे.

माझे शेजारी आतां हयात नाहींत. आपल्या आळींत असा कोणी दचकला, तर हंसूं नका. जवळ बसा, आणि गार पाण्याचा पेला त्याच्या हातीं द्या.