मेहनतीचा क्रम आणि वैविध्य : मराठी आखाड्याच्या इतिहासातील एक प्रश्न

बलोपासनेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे मल्लांची नावे, गाजलेल्या कुस्त्या आणि संस्थानिकांचा आश्रय यांवर भर दिला जातो. रोज तीच मेहनत करणारा मनुष्य कंटाळत कसा नाही, आणि कंटाळू लागल्यास त्याला तालमीत टिकवून धरण्यासाठी उस्तादाने काय योजले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वास्तविक तो महत्त्वाचा आहे. शक्ती सरावाने वाढते आणि सरावच पुढे तिची वाढ खुंटवितो. शरीर एका श्रमाला रुळले की तो श्रम त्यास नवे काही देत नाही. त्याच सुमारास मनही त्यातून उठते. या दुहेरी अडचणीवर मराठी आखाड्याने जे उपाय काढले, त्यांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

या विचाराची मुळे जुनी आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लाच्या श्रमांचे प्रकार वेगळे सांगितले आहेत : भार उचलण्याचा भारश्रम, पाण्यातील सलिलश्रम, स्तंभावरील स्तंभश्रम इत्यादी. एकाच शरीराला निरनिराळ्या श्रमांतून नेण्याची कल्पना तेव्हापासून शास्त्रात मान्य होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तालमीत हीच गोष्ट साधनांच्या रूपाने दिसते. जोर आणि बैठका हा मेहनतीचा पाया होय. परंतु जोरांतही साधे, हनुमान, वृश्चिक असे भेद आहेत. जोडी खांद्यांस व मनगटांस लवचिक करते. करेल्याचे वजन त्याच हालचालीस कठीण बनविते. हौद्यातील माती उकरणे ही स्वतंत्रच मेहनत. नवशिक्याला ही विविधता करमणुकीसारखी वाटते. उस्तादाच्या दृष्टीने मात्र ती श्रेणी असते : अमुक साधल्यावाचून तमुक नाही.

या श्रेणीचे सर्वांत रेखीव उदाहरण मल्लखांबाचे आहे. या विद्येच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांस दिले जाते. १८१८ नंतर बाजीरावांबरोबर ती ब्रह्मावर्तास गेली आणि शिष्यांच्या द्वारे काशी, बडोदे अशी पसरली. मल्लखांबावर वजन वाढविता येत नाही. भार काय तो स्वतःच्या देहाचा, आणि तो रोज सारखाच. मग मेहनत चढती कशी करावयाची? उत्तर आधार कमी करण्यात आहे. प्रथम दोन हातांची अढी, मग एका हाताची, मग हात न लावता. पुढे उड्या, फरारे, आसने. पुरलेल्या खांबावर हात बसला की टांगता खांब येतो. तो फिरतो व झुलतो, म्हणून जुनीच पकड नव्याने शिकावी लागते. वेताच्या व पुढे दोरीच्या मल्लखांबावर तर खांबाचा ताठपणाही उरत नाही. भार कायम राहतो, परंतु काठिण्य वाढते आणि प्रत्येक पायरीवर मनाला नवे कोडे मिळते. क्रम आणि वैविध्य ही येथे एकाच योजनेची दोन अंगे झाली आहेत.

पाश्चात्त्य जगाने हा प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडविला. अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या टॉमस डी लॉर्म यांनी १९४५ साली क्रमवर्धित भाराची पद्धत मांडली. मनुष्य जेमतेम दहा वेळा उचलू शकेल ते वजन ठरवावयाचे आणि शक्ती वाढेल तसे ते वाढवावयाचे, असे तिचे सूत्र होते. ही पद्धत मोजता येते, हा तिचा मोठा गुण. मात्र तिला वजनांचा संच लागतो. मल्लखांबाला एक खांब आणि एक जाणता गुरू पुरतो.

विसाव्या शतकात तिसरा उपाय पुढे आला. बडोद्यास जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी देशी आज्ञांवर चालणाऱ्या सांघिक व्यायामाची घडी बसविली. ताल, ठेका आणि सोबत यांनी एकट्याच्या मेहनतीतील रुक्षपणा गेला. लेझीम शाळांच्या पटांगणांवर दिसू लागले. परंतु या लाभाची किंमतही नोंदविली पाहिजे. शंभर जण एका ठेक्यावर हालचाल करतात, तेव्हा दुबळा ओढला जातो आणि सशक्ताला थांबावे लागते. वैविध्य राहते, व्यक्तिगत श्रेणी मात्र नाहीशी होते. श्रेणीवाचूनचे वैविध्य हळूहळू प्रदर्शनाकडे झुकते, तर वैविध्यावाचूनची श्रेणी नुसती आकड्यांची मोजणी होऊन बसते.

नागपूर-भंडारा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्याबाहेर होता. विदर्भात या विद्येचे मोठे केंद्र झाले ते अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ साली ते स्थापन केले, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षापासून १९४९ पर्यंत बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. उस्तादाच्या स्मरणात असलेले प्रकार त्यामुळे कागदावर आले. तथापि कोश प्रकार सांगतो. समोरच्या मुलाला आज कोणता प्रकार द्यावा, हे सांगत नाही. तो निर्णय शिक्षकाचाच राहतो.

म्हणून हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे जलाशयासाठी अनेक गावे उठली. गाव उठते तेव्हा घरे व शेते यांची मोजदाद होते. पारावर, पटांगणावर हातांतून हातांत आलेल्या मेहनतीच्या क्रमाची मोजदाद कोणी करीत नाही. नव्या गावठाणात यंत्रांची व्यायामशाळा उभारता येईल. परंतु आधी काय, नंतर काय, आणि मूल कंटाळले तर त्यास काय द्यावे, हे ज्ञान यंत्राबरोबर येत नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी पुनर्वसित गावांत क्षेत्रकार्यास जाताना वृद्धांना जोरांचे, बैठकांचे, खेळांचे प्रकार विचारावेत. आणि नावांबरोबर त्यांचा क्रमही टिपून घ्यावा. नावे कोशात सापडतील. क्रम मात्र माणसाबरोबर जातो.