वंशावळीतला घोडा आणि धावणारा घोडा

रेसकोर्सवर पहिल्यांदा जाणाऱ्याला घोड्यांआधी शब्द अडवतात. मेडन, क्लास फोर, हँडिकॅप, ग्रेड वन, क्लासिक. हे शब्द समजून घेताना एक जुना वाद हाती लागतो: घोडा धावेवरून ओळखायचा की कुळावरून?

मेडन म्हणजे ज्यांनी अजून एकही शर्यत जिंकलेली नाही, अशा घोड्यांची शर्यत. पुढे कामगिरीवरून घोड्याला रेटिंग मिळतं आणि रेटिंगवरून वर्ग ठरतो. भारतात क्लास पाच सर्वांत खालचा, क्लास एक वरचा. घोडा जिंकत गेला की वर चढतो, हरत राहिला की उतरतो. हँडिकॅप शर्यतीत ज्याचं रेटिंग जास्त, त्याच्या पाठीवर वजनही जास्त. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं, तर शिशाचे पत्रे घालतात. सगळ्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी, हा हेतू. ही विद्या शिस्तीत बसवली अॅडमिरल रूस यांनी. इंग्लंडच्या जॉकी क्लबने 1855 मध्ये त्यांना हँडिकॅपर नेमलं होतं.

ग्रेड शर्यती या साऱ्यांच्या वर. तिथे दुबळ्याला सवलत नाही. वजन वय आणि लिंग पाहून ठरतं. क्लासिक शर्यती तर मुख्यतः तीन वर्षांच्या घोड्यांच्या. डर्बीत धावण्याची संधी जन्मात एकदाच. इंग्लंडची डर्बी 1780 ची, आपली इंडियन डर्बी 1943 ची. ती पहिली डर्बी जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी बडोद्याच्या गायकवाड महाराजांची.

इथवर सगळा न्याय धावेचा. आता कुळाकडे वळू. थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा तीन नरांपर्यंत जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. तिन्ही पूर्वेकडून आलेले. डार्ली अरेबियन तर 1704 मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला गेला. त्यांच्या संततीच्या नोंदींचं 'जनरल स्टड बुक' 1791 मध्ये सुरू झालं.

पुढे न्यूयॉर्कमध्ये रेसवरच्या जुगारावर बंदी आली आणि अमेरिकन घोडे मोठ्या संख्येने इंग्लंडला येऊ लागले. तेव्हा 1913 मध्ये 'जर्सी अॅक्ट' म्हणून ओळखला जाणारा नियम झाला. ज्याचे सगळे पूर्वज आधीच पुस्तकात आहेत, त्याचीच नोंद होणार. बाकीचे 'हाफ-ब्रेड', म्हणजे मिश्र रक्ताचे. त्यांना धावायला मनाई नव्हती. फक्त त्यांना आणि त्यांच्या पिलांना पुस्तकात जागा नव्हती, आणि जागा नसली की पैदाशीच्या बाजारात भाव पडतो. ज्या अलेप्पोच्या घोड्यापासून हे कूळ वाढलं, त्याच्या आईबापांची नोंद तरी कुठल्या पुस्तकात होती?

उत्तर मैदानानेच दिलं. 1948 मध्ये माय बाबू या घोड्याने इंग्लंडची टू थाउजंड गिनीज जिंकली. त्याचे मालकही बडोद्याचे महाराज. त्याच वर्षी ब्लॅक टार्क्विनने सेंट लेजर मारली. दोन क्लासिकचे विजेते, आणि दोघेही पुस्तकाच्या लेखी हाफ-ब्रेड! पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, तो नियम मागे घ्यावा लागला.

म्हणून नवख्याने एवढं ध्यानात ठेवावं. रेटिंग आणि क्लास दर शर्यतीनंतर बदलू शकतात, कारण ते घोड्याने आज काय केलं ते पाहतात. जर्सी अॅक्टचा शिक्का मात्र घोडा जन्मण्याआधीच ठरलेला होता. तो पुसायला 36 वर्षं लागली.