हक्काचा राग
वऱ्हाडातल्या क्रिकेटप्रेक्षकाचा एक छोटा इतिहास

१४ मार्च २०२४. दुपारची वेळ, अकोल्याचं ऊन आणि चहाच्या टपरीवर एकाच मोबाइलभोवती वाकलेली सात-आठ डोकी. मुंबईत वानखेडे मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस सुरू होता. विदर्भापुढे ५३८ धावांचं आव्हान होतं. इतक्या धावा चौथ्या डावात कोणी करत नाही, हे टपरीवरच्या सगळ्यांना कळत होतं. पण सकाळचं अख्खं सत्र अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी एकही गडी न गमावता खेळून काढलं होतं. जेवणानंतर फलकावर ५ बाद ३५३ दिसले, तेव्हा कोणीतरी कागदावर आकडेमोडही सुरू केली. आणि मग वाडकर १०२ धावांवर पायचीत झाला. पुढे काय झालं ते बघता बघता झालं. ३५३ वरून ३६८. पंधरा धावांत पाच गडी. मुंबई १६९ धावांनी जिंकली, तिचा तो ४२वा करंडक.

टपरीवाल्याने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "पंधरा रनात पाच? दिवसभर खेळून दाखवलं अन् शेवटी असं? अन् पहिल्या डावात एकशेपाच काढता तुम्ही, एकशेपाच! लाज नाही वाटत काय राजेहो?" बाकीच्यांनी त्याच्यावर कडी केली. गोलंदाजी बदलण्यापासून संघनिवडीपर्यंत सगळ्यांचा हिशेब निघाला. एकाने तर मोबाइलच उलटा ठेवला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतरही सवय जात नाही. त्यामुळे त्या गोंधळात मला सामन्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. अकोल्यात विदर्भाच्या संघाला कोणी इतक्या पोटतिडकीने शिव्या घालतंय, हे मी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो. विदर्भ पूर्वी हरला नव्हता असं नाही. पूर्वी तो हरायचाच. राग मात्र येत नव्हता. हा राग कुठून आला आणि कधी आला, याचा हा शोध.

संघ होता, पण कोणाचा?

वऱ्हाडाचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. या प्रदेशाचं नाव नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी नावाला जोडून येतं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि 'सीपी अँड बेरार' हे जोडनाव तयार झालं. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला, तेव्हा इथला संघही याच जोडनावाने उतरला. भाषावार प्रांतरचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण मुंबई राज्यात आलो आणि १९५७-५८ च्या हंगामात 'विदर्भ' या नावाचा संघ रणजीत पहिल्यांदा खेळला. आज महाराष्ट्राच्या एका राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात, त्याचं मूळ या इतिहासात आहे.

संघाला नाव मिळालं, पण अकोला-अमरावतीच्या माणसाला तो आपला वाटला का? क्रिकेट नागपुरात होतं. कसोटीचं मैदान १९६९ पासून नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये होतं. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. आणि नागपूरचंही दुखणं वेगळंच होतं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले नागपुरात, पण १९२३ मध्ये ते होळकरांच्या पदरी इंदूरला गेले. पुढे होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

माझ्या लहानपणी विदर्भाचा निकाल वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, एका कॉलमात असायचा. "विदर्भाचा डावाने पराभव" हे शब्द माझ्या ओळखीचे होते. वडील तो मजकूर मोठ्याने वाचत आणि शेजारचे काका ओसरीवरूनच म्हणत, "मंग? जितला कधी होता?" त्यात दुःख नव्हतं. पाऊस पडला नाही, कापसाला भाव नाही, विदर्भ हरला. या तिन्ही बातम्या एकाच सुरात ऐकल्या जात. त्यातही पहिल्या दोन बातम्यांवर निदान चर्चा व्हायची.

राग नव्हता, याचा अर्थ वऱ्हाडी माणसाला खेळात हरणं सोसवत होतं असा मात्र नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. इथे गावोगावी आखाडे होते. दंगलीत आपल्या गावचा पैलवान चितपट झाला, तर माणसं पंचांच्या अंगावर धावून जात आणि पैलवानाला आठवडाभर टोमणे ऐकावे लागत. कारण त्याच्या खुराकाचं दूध आपल्या गोठ्यातून गेलेलं असे. आपलं काही त्याच्यात गुंतलं होतं. रणजीच्या संघात आपलं असं काहीच गुंतलेलं नव्हतं.

१९७४ : रागाचा पत्ता दुसरा होता

क्रिकेटवरचा आमचा सगळा राग भारताच्या संघासाठी राखून ठेवलेला होता. त्याचं सर्वांत मोठं दर्शन १९७४ च्या उन्हाळ्यात झालं.

त्याआधी तीन वर्षं, १९७१ मध्ये, अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजला आणि मग ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वर्तमानपत्रातलं वाडेकरांचं चित्र कापून मी पिठाच्या खळीने भिंतीवर चिकटवलं होतं. इंदूरला तर त्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली गेली.

१९७४ मध्ये तोच कर्णधार इंग्लंडला गेला आणि तिन्ही कसोटी हरला. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. २४ जूनला भारताचा दुसरा डाव सतरा षटकांत ४२ धावांत संपला. त्यात सर्वाधिक १८ धावा एकनाथ सोलकरच्या, आणि त्या नाबाद. एक डाव आणि २८५ धावांनी पराभव. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटला डांबर फासलं गेलं. मायदेशी परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आलं आणि त्यांनी निवृत्ती पत्करली.

आणि अकोल्यात, मोर्णेकाठच्या आमच्या घरात, मी भिंतीवरचं ते चित्र नखांनी खरवडून काढलं. खळ पक्की होती, चित्र पूर्ण निघालं नाही. अर्धा चेहरा कितीतरी वर्षं भिंतीवर राहिला. वडील त्यावर बोलले नाहीत. फक्त दिवाळीची सफेदी करताना त्यांनी तो तुकडा तसाच ठेवायला सांगितला. त्यांनी असं का केलं, हे कळायला मला फार उशीर झाला.

१९७४ चा हा राग नंतरही दिसत राहिला. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० वर आला. बाटल्या पडल्या, जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव गेला. दगड मारणारे बहुधा तेच लोक असतात, ज्यांनी आधी हार घातलेले असतात.

मेलबर्नचा दाखला

ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, एका गोलाला सहा गुण. त्या खेळातल्या मेलबर्न या जुन्या क्लबचा ३० जुलै २०११ रोजी जिलाँग संघाने २३३ विरुद्ध ४७ असा धुव्वा उडवला. फरक १८६ गुणांचा. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाला घरी पाठवण्यात आलं.

मला त्यात रस वाटला तो तिथल्या प्रेक्षकाच्या स्थानामुळे. तिथला चाहता क्लबचा वर्गणीदार सभासद असतो आणि बऱ्याच क्लबांत त्याला मतही असतं. १९९६ मध्ये याच मेलबर्न क्लबचं हॉथॉर्न या दुसऱ्या क्लबात विलीनीकरण होणार होतं. हॉथॉर्नच्या सभासदांनी मतदानात ते फेटाळलं आणि दोन्ही क्लब वाचले. संघ वाईट खेळला की तिथला माणूस चिडतो, तो सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत सभासद चिडतो तसा. त्याच्या चिडण्याला दार आहे, त्या दारामागे कोणीतरी बसलेलं आहे. २०२१ मध्ये मेलबर्नने ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, तेव्हा २०११ सोसलेले सभासद यादीत होतेच.

आपल्याकडे प्रेक्षकाला मत नाही, वर्गणी नाही, सभा नाही. त्याच्याजवळ आहे तो फक्त जीव. तो कुठे लावायचा, एवढंच त्याच्या हातात.

आस लागली

विदर्भाच्या बाबतीत तो जीव लागायला साठ वर्षं गेली. २०११ मध्ये उमेश यादव कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोचलेला तो पहिलाच. मग २०१७-१८ चा हंगाम आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल, सोबतीला मुंबईहून आलेला वसीम जाफर. उपांत्य सामन्यात कर्नाटकावर पाच धावांनी विजय. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला. नायडूंना ज्या गावाने नेलं, त्याच गावात.

अकोल्यासाठी त्या सामन्यात आणखी एक गोष्ट होती. आदित्य ठाकरे या आमच्या गावच्या वेगवान गोलंदाजाने रणजी पदार्पणच त्या अंतिम सामन्यात केलं. अथर्व तायडे अकोल्याचा, जितेश शर्मा अमरावतीचा. संघाच्या यादीत वऱ्हाडातली गावं दिसू लागली. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला गेला. त्या सामन्यात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने अकरा गडी बाद केले. गोठ्यातलं दूध पुन्हा पैलवानाकडे जाऊ लागलं होतं.

म्हणून २०२४ चा पराभव वेगळा ठरला. हरलो ते मुंबईकडून, हेही त्यात होतं. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९८४ चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा हिशेब. मुंबईशी आपलं देणंघेणं टपरीवरचा पोरगाही ऐकून असतो. त्या मैदानाला ज्यांचं नाव आहे ते शेषराव वानखेडे मूळ नागपूरचेच, हे मी त्या दिवशी सांगायला गेलो, तर टपरीवाला म्हणाला, "सर, ते राहू द्या. आधी पंधरा रनात पाच कसे गेले ते सांगा."

त्याचं बरोबर होतं. इतिहासाची सबब त्याला नको होती. काका जे कधीच बोलले नव्हते, ते तो बोलत होता. हा संघ चांगला आहे, तो जिंकू शकतो, म्हणून त्याने हरायला नको होतं. ज्याच्याकडून आपल्याला आस नाही, त्याच्यावर आपण रागावत नाही. वऱ्हाडात विदर्भावर चिडणारा प्रेक्षक दिसला, तेव्हा कुठे हा संघ वऱ्हाडाचा झाला, असं मी म्हणेन. विजयाच्या दिवशी तर कोणीही नाचतो.

पण इथे माझ्याच भिंतीवरचा अर्धा चेहरा मला गप्प करतो. १९७४ चा रागही आपलेपणातूनच आला होता ना? मग फरक कुठे? मला दिसतो तो असा. वाडेकर आमच्यासाठी कागदावरचं चित्र होते. कागद खरवडता येतो. अकोल्यातल्या मुलाचे आईवडील मात्र उद्या भाजीबाजारात भेटणार असतात. त्यांच्याकडे बघून कोणी दगड उचलत नाही, फार तर म्हणतं, "पोराला सांगा जरा, दम धरून खेळ म्हणा." हक्क सांगणारा माणूस खेळाडूला ओळखतो. मालकी सांगणाऱ्याला फक्त निकाल माहीत असतो. आज मोबाइलवर कोणीही कोणाच्याही घरच्यांना वाटेल ते लिहितो, ते त्या दुसऱ्या जातीचं आहे. वडिलांनी तो तुकडा भिंतीवर ठेवला होता, तो मला हेच दाखवायला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं. टपरीवर त्या दिवशी चहा फुकट होता. अंतिम सामना केरळशी होता. विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळकडून एक डावखुरा ठाण मांडून बसला. तो होता आदित्य सरवटे. आता तो केरळकडून खेळत होता. त्याने ७९ धावा केल्या आणि विदर्भाची आघाडी धोक्यात आणली. टपरीवर शांतता होती. मला वाटलं, आता याच्या नावाने शिमगा होणार.

तो बाद झाला तेव्हा टपरीवाल्याने मोठा श्वास सोडला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "चांगला खेळला लेकाचा. आपलाच हाय ना थो."

विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली आणि २ मार्चला तिसरा करंडक. पण मी घरी आलो तो त्याचं ते एक वाक्य घेऊन.