अंडं, कोलीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व : कुणी खावं, कुणी जपून खावं? सविस्तर माहिती

राजूर (ता. अकोले) : बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर ओळखीच्या एका पोरानं मोबाईल पुढं केला. त्यातल्या व्हिडिओत एक जण सांगत होता की ‘अ’ जीवनसत्त्व म्हणजे विष आहे, ते लिव्हरमध्ये साठतं, म्हणून अंडी, दूध, गाजर, पालेभाज्या सगळं बंद करा. पोरगं म्हणालं, “दादा, घरी वहिनी बाळंतीण आहे. तिची अंडी बंद केली आम्ही. बरोबर केलं ना?”

बरोबर केलं नाही, असं त्याला तिथंच सांगितलं. पण का बरोबर नाही, हे दोन मिनिटात सांगता आलं नाही. असे व्हिडिओ आता वाडी-वस्तीवर पोचलेत. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

हा ‘कमी अ जीवनसत्त्वाचा’ आहार आला कुठून?

हे खूळ मूळचं अमेरिका-कॅनडाकडचं. तिकडं दूध, लोणी, चीज, मांस भरपूर, शिवाय जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि माशाच्या लिव्हरचं तेल. त्यातल्या काही लोकांनी आपल्या अंगावरच्या खाजेपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याचं खापर ‘अ’ जीवनसत्त्वावर फोडलं आणि ते जवळपास शून्यावर आणणारा आहार सुरू केला. मांस, भात, कडधान्य एवढंच खायचं. वैद्यकशास्त्र याला मान्यता देत नाही. ‘अ’ जीवनसत्त्व शरीराला लागतंच. जास्त झालं तर अपाय होतो हे खरं, पण म्हणून ते विष ठरत नाही. मीठ जास्त झालं तर त्रास होतो म्हणून कुणी अळणी जेवत नाही, तसंच हे.

हा आहार करणाऱ्यांची पुढं एक अडचण झाली. अंडी आणि कलेजी सोडली की कोलीन कमी पडतं. ज्या लिव्हरला वाचवायला निघाले, त्याच लिव्हरला कोलीन लागतं. मग कोलीनसाठी अंडी खावीत की ‘अ’ जीवनसत्त्वासाठी टाळावीत, हा वाद सुरू झाला. तोच वाद फिरत फिरत आपल्या मोबाईलवर आला आहे.

कोलीन म्हणजे काय?

कोलीन हा जीवनसत्त्वासारखाच एक पोषक घटक आहे. ॲडॉल्फ स्ट्रेकर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो पित्तातून वेगळा काढला आणि १८६२ मध्ये त्याला हे नाव मिळालं. पण माणसाच्या जेवणात तो असलाच पाहिजे, हे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं ठरवलं ते १९९८ मध्ये. त्यामुळे शाळेच्या जुन्या पुस्तकात हे नाव आपण वाचलेलं नसतं.

कोलीनची कामं थोडक्यात अशी :

- लिव्हरमधली चरबी बाहेर काढणं. कोलीन कमी पडलं की चरबी तिथंच साचते, म्हणजे फॅटी लिव्हर.
- पेशींचं आवरण तयार करणं.
- मेंदू आणि नसांचं काम चालवणं. स्मरणशक्ती आणि स्नायूंच्या हालचालीसाठी लागणारं रसायन कोलीनपासून बनतं.
- पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडवणं.

शरीर स्वतः थोडं कोलीन बनवतं, पण ते पुरत नाही. बाकीचं ताटातूनच यावं लागतं. १९९८ च्या त्या शिफारशीप्रमाणे रोज पुरुषाला ५५० मिलिग्रॅम, बाईला ४२५, गरोदर असेल तर ४५० आणि अंगावर पाजत असेल तर ५५० मिलिग्रॅम लागतं. एक ते तीन वर्षांच्या लेकराला २००, चार ते आठ वर्षांच्या मुलाला २५० मिलिग्रॅम. अंगावर पाजणाऱ्या आईची गरज गड्याइतकीच आहे, कारण दुधातून बाळाला कोलीन जातं.

एका अंड्यात नेमकं किती?

साधारण ५० ग्रॅमच्या एका उकडलेल्या अंड्यात कोलीन सुमारे १४७ मिलिग्रॅम आणि ‘अ’ जीवनसत्त्व सुमारे ७५ मायक्रोग्रॅम असतं. आता हिशोब करू.

आपल्या देशात आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ‘अ’ जीवनसत्त्व रोज पुरुषाला १००० आणि बाईला ८४० मायक्रोग्रॅम लागतं. अंगावर पाजणाऱ्या आईला ९५०. तिनं दोन अंडी खाल्ली तर कोलीनची निम्म्याहून जास्त गरज भागते. ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं फक्त १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्श्याएवढं.

म्हणजे अंड्यात कोलीन भरपूर आहे आणि ‘अ’ जीवनसत्त्व बेताचं. ज्याला डॉक्टरनं खरोखर ‘अ’ जीवनसत्त्व कमी करायला सांगितलंय, त्याच्यासाठीसुद्धा अंडं हा पहिला गुन्हेगार नाही.

मग ‘अ’ जीवनसत्त्व जास्त कशात असतं?

- कलेजी : १०० ग्रॅममध्ये हजारो मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसानं रोज जास्तीत जास्त ३००० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात (हे प्राण्यांपासून मिळणाऱ्या किंवा गोळीतल्या तयार जीवनसत्त्वाबद्दल आहे). कलेजीचं एक ताट ती हद्द ओलांडू शकतं.
- माशाच्या लिव्हरचं तेल आणि गोळ्या : दुकानातून मनानं आणलेल्या. अपाय बहुतेक वेळा इथूनच होतो.
- पिशवीतलं तेल आणि दूध : पिशवीवर निळ्या रंगात अधिक चिन्ह आणि इंग्रजी ‘एफ’ असेल तर त्यात वरून जीवनसत्त्व घातलेलं आहे. नियमाप्रमाणे अशा तेलाच्या एका ग्रॅममध्ये ‘अ’ जीवनसत्त्व किमान ६ मायक्रोग्रॅम असतं. दिवसाला २० ग्रॅम तेल पोटात गेलं तर १२० मायक्रोग्रॅम झालं. तळताना थोडं उडतं, तरी ते एका अंड्यापेक्षा कमी नाही.

म्हणजे अंडं बंद करायचं आणि त्याच तेलात भजी तळून खायची, याला काही अर्थ नाही.

गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, पपई, आंबा यातलं जीवनसत्त्व वेगळ्या रूपात असतं, त्याला बीटा कॅरोटीन म्हणतात. शरीर त्यातून गरजेपुरतंच ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. गाजर फार खाल्लं तर कातडी पिवळसर दिसेल, पण विषबाधा होत नाही. भाजीपाल्याला घाबरायचं काहीच कारण नाही.

कुणी खरोखर जपावं?

१. मुरमांची ‘आयसोट्रेटिनॉइन’ गोळी घेणारे. ही गोळी ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातली आहे. ती चालू असताना ‘अ’ जीवनसत्त्वाची दुसरी गोळी घेऊ नये. गरोदर बाईनं तर ही गोळी घ्यायचीच नाही, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका.

२. गरोदर बाया. कलेजी टाळावी, मनानं ‘अ’ जीवनसत्त्वाची गोळी घेऊ नये. अंडं मात्र चालतं, नव्हे ते हवंच. ‘अंडं उष्ण पडतं’ म्हणून आपल्याकडं गरोदरपणात बंद करतात. कोलीनची गरज वाढते ती याच दिवसात.

३. लिव्हरचा किंवा किडनीचा जुना आजार असलेले. यांच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व साचू शकतं. अंडी किती खायची हे त्यांनी डॉक्टरलाच विचारावं. साखर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनीही विचारूनच रोजचं प्रमाण ठरवावं.

बाकी धडधाकट माणसानं, बाळंतिणीनं, वाढत्या पोरानं ‘अ’ जीवनसत्त्व कमी करण्याचं काही कारण नाही.

आपल्या तालुक्यात धोका कमतरतेचा

अकोल्याच्या आदिवासी भागात ताटात दूध-अंडी रोज नसतात, मटण तर सणासुदीला. इथं काळजी जास्तीची नाही, कमीची आहे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो. लेकरू दिवस मावळल्यावर ठेचकाळतं, ताट चाचपडतं. पुढं डोळे कोरडे पडतात, बुबुळाशेजारी पांढुरके ठिपके येतात आणि उपचार झाले नाहीत तर नजर कायमची जाते. गोवर, जुलाब अशा आजारात लेकरू लवकर खचतं ते वेगळंच.

म्हणून तर देशात १९७० पासून लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, नंतर दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढं दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. २ लाख युनिट म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० अंड्यांतलं जीवनसत्त्व. आकडा मोठा वाटतो, पण ते लिव्हरमध्ये साठतं आणि पुढचे महिने हळूहळू वापरलं जातं. साठणं हा इथं दोष नाही, उपयोग आहे. फक्त डोस दोनदा जाऊ नये, म्हणून आशाताईकडून कार्डावर नोंद करून घ्या. व्हिडिओ बघून डोस चुकवू नका.

अंगणवाडीतलं अंडं सोडू नका

आदिवासी भागासाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण देतात. पुढच्या टप्प्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस, महिन्याला सोळा वेळा अंडं आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी अशी सोय झाली.

केळं वाईट नाही, पण ते अंड्याची जागा घेत नाही. दोन केळ्यांत मिळून कोलीन २५ मिलिग्रॅमच्या आतच, एका अंड्यात १४७. दोन वर्षांच्या लेकराची दिवसाची गरज २००. घरात अंडं चालत असेल तर अंगणवाडीताईला तसं सांगा, केळ्यावर समाधान मानू नका.

शाळेतल्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा वेगळा निधी थांबवला आणि द्यायचंच तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोराच्या अंड्याची जबाबदारी पुन्हा घरावर आली आहे.

अंडं खात नसाल तर कोलीन कशातून?

यात ‘अ’ जीवनसत्त्व नगण्य आहे, त्यामुळे पथ्य असणाऱ्यांनाही हे चालतं :

- भाजलेलं सोयाबीन, अर्धी वाटी : सुमारे १०७ मिलिग्रॅम
- चिकनच्या छातीचा भाग, ८५ ग्रॅम : ७२ मिलिग्रॅम
- सालीसकट एक मोठा बटाटा : ५७ मिलिग्रॅम
- शिजलेला राजमा, अर्धी वाटी : ४५ मिलिग्रॅम
- फ्लॉवर, अर्धी वाटी : २४ मिलिग्रॅम
- भाजलेले शेंगदाणे, मोठी मूठभर : २४ मिलिग्रॅम

दुधाच्या एका मोठ्या पेल्यात सुमारे ४३ मिलिग्रॅम कोलीन असतं, पण त्यात थोडं ‘अ’ जीवनसत्त्वही असतं. हिशोब बघितला तर लक्षात येईल, दोन अंड्यांची भरपाई करायला दिवसभर ठरवून खावं लागतं. आपल्या शेतात सोयाबीन पिकतं, पण सगळंच्या सगळं आडतीवर जातं. घरापुरतं पायलीभर ठेवायला हरकत नाही. सोयाबीन मात्र कच्चं खायचं नाही, नीट भाजून किंवा शिजवूनच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पांढरं खाऊन पिवळं टाकलं तर? व्यायामशाळेतली पोरं असंच करतात. कोलीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व दोन्ही पिवळ्या बलकातच आहे. पांढऱ्यात कोलीन जवळजवळ नसतंच. पिवळं टाकलं की कोलीनही टाकलं.

गावरान अंड्याचा बलक गडद असतो, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व जास्त असतं का? रंगावरून ते ठरत नाही. मका, हिरवा पाला खाल्लेल्या कोंबडीचा बलक गडद येतो, आणि तो रंग देणारी बहुतेक द्रव्यं ‘अ’ जीवनसत्त्वाची नसतात. गावरान अंडं आकारानं लहान, त्यामुळे कोलीनही त्या मानानं थोडं कमी.

कच्चं अंडं चांगलं का? नाही. त्यातून जंतू पोटात जातात. उकडून किंवा पोळी करून खा.

अंड्यानं अंगावर गांधी उठत असतील तर? ती ॲलर्जी असू शकते. बंद करा आणि डॉक्टरला दाखवा.

थोडक्यात

डॉक्टरनं सांगितलं नसेल तर ‘अ’ जीवनसत्त्व तोडू नका. सांगितलं असेल तर आधी कलेजी आणि गोळ्या बंद करा, अंड्याबद्दल त्यांनाच विचारा. घरात गरोदर, बाळंतीण किंवा लहान लेकरू असेल तर त्यांच्या ताटातलं अंडं मोबाईल बघून काढून घेऊ नका. शंका असेल तर गावातल्या आशाताईला नाहीतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचारा, त्याला पैसे पडत नाहीत.

टपरीवरचं ते पोरगं जाताना दुकानातून अर्धा डझन अंडी घेऊन गेलं.