अ‍ॅक्शन फिगर संग्रह

सांधे हलणाऱ्या लहान प्लॅस्टिक पुतळ्यांचा प्रौढांनी केलेला संग्रह. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सुमारे फूटभर उंचीचा सैनिक विक्रीस आणला. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा झाला आणि याच मापाने जगभर पाय रोवले.

भारतातील या छंदाची खरी कथा गोव्याशी जोडलेली आहे. एमआरएफ समूहाच्या फनस्कूलने हॅस्ब्रोच्या साच्यांतून गोव्यातील कारखान्यात हे सैनिक घडवले. मूळ रंगांपेक्षा भलतेच रंग आणि एका पात्राचे सुटे भाग दुसऱ्याला जोडणे ही त्यांची खासियत. दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचलेल्या ‘स्ट्रीट हॉक’ मालिकेच्या नायकाचा पुतळाही फनस्कूलने असाच काढला. त्या काळी हा माल साधा भासला असेल. परदेशी संग्राहक आज नेमकी हीच विचित्र रंगसंगती शोधतात. न उघडलेल्या पुठ्ठ्यावरच्या नगाला सुट्या नगापेक्षा अर्थातच जास्त भाव मिळतो.

या पुतळ्यांचे धड आणि पाय आतल्या रबरी कड्याने जोडलेले असतात. ते कडे वाळून तुटते; बदलण्यासाठी पाठीतला स्क्रू काढावा लागतो. सातपाटी-तारापूरसारख्या खाऱ्या, दमट किनाऱ्यावर हाच स्क्रू गंजतो, तर उन्हाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते. त्यामुळे किनारपट्टीवरील संग्राहकाने काचेच्या कपाटापेक्षा बंद डबा आणि सिलिका जेलची पुडी यांवर खर्च करणे शहाणपणाचे.