महाड १९२७: पाणी पिऊन झाल्यावर

चवदार तळ्याची गोष्ट आपल्याकडे बहुधा एका ओंजळीपाशी येऊन थांबते. चित्रात, पुतळ्यात, भाषणात तीच ओंजळ. आज आम्ही त्या ओंजळीनंतरच्या दोन-तीन तासांबद्दल बोलणार आहोत, आणि मग त्याच वर्षीच्या डिसेंबरबद्दल. मोठ्या जमावानं एकत्र यायचं, आपलं म्हणणं मांडायचं आणि धडपणे घरी परतायचं, याची तयारी कशी शिकली गेली, ते या दोन परिषदा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं.

पहिली परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ची. तयारी कमी नव्हती, बरं का. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि त्यांचे सहकारी आधी दोन महिने राबत होते. कार्यकर्ते गावोगाव फिरले. माणसं भाकऱ्या बांधून दूरदूरच्या वाटा चालत आली. परिषदेपुरतं पाणी मात्र विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं! तळं गावातच. कायदाही बाजूनं होता: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये तो मान्य केला होता. म्हणजे कागद खिशात होता. पण कागद लाठी अडवत नाही.

२० तारखेला सगळे बाबासाहेबांच्या मागे शिस्तीनं तळ्यावर गेले, पाणी प्यायले, शिस्तीनंच मंडपात परतले. परिषद संपली. आणि इथेच, आमच्या मते, सगळ्यात नाजूक वेळ सुरू झाली. परिषद संपली म्हटल्यावर माणूस सैल होतो. कोणी जेवायला बसलं, कोणी गाठोडं बांधायला लागलं, कोणी गाव बघायला बाजारात गेलं. एकसंध जमाव होता, त्याची दोघा-चौघांची टोळकी झाली. तेवढ्यात गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. आवई साफ खोटी होती. पण खोटी आवई खोडून काढायला गावात ठिकठिकाणी आपली माणसं लागतात, ती तिथे नव्हती. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. अन्न मातीत गेलं. एकटेदुकटे सापडले त्यांना मारलं, त्यात बायकाही होत्या. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला म्हणून वाचले. परतीच्या वाटेवरच्या गावांतही निरोप गेले होते, तिथंही मारहाण झाली.

हे सांगताना आम्हाला त्या कार्यकर्त्यांना नावं ठेवायची नाहीत. मारणाऱ्यांचा दोष मार खाणाऱ्यांच्या तयारीवर ढकलायची आपल्याकडे जुनी खोड आहे, ती आपण टाळू. पण येण्याची जेवढी आखणी झाली होती तेवढी पांगण्याची झाली नव्हती, एवढं दिसतं.

बाबासाहेब तेव्हा डाक बंगल्यावर होते. तिथं संतापलेली माणसं हुकमाची वाट बघत उभी होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्यांनी ती आवरली. जखमींची व्यवस्था पाहिली आणि रीतसर फिर्यादी करायला लावल्या. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी उलट हाणामारी झाली असती तर तो खटला ‘दोन गटांतली दंगल’ म्हणून बुडाला असता, असं आम्हाला वाटतं.

मग तळं पंचगव्यानं ‘शुद्ध’ करण्याचा प्रकार झाला, ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला, आणि डिसेंबरात सत्याग्रह ठरला.

आता या वेळची तयारी बघा. सवर्ण हिंदू जागा देईनात, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. महाडचे व्यापारी सामान देणार नाहीत हे धरून दहा दिवसांचा शिधा बाहेरून भरून ठेवला. राहणं, जेवण, पहारा, सगळं एका तळावर. मुंबईचे लोक सुटे न येता ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला उतरले आणि तिथून पाचेक मैल एकत्र चालत महाडला आले.

तरी खरी कसोटी वेगळीच निघाली. विरोधकांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि दोनच दिवसांत तळ्यावर जाण्याला तात्पुरती मनाई आणली. लाठीची तयारी ठेवली होती, समोर आला कोर्टाचा हुकूम! २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. दुसऱ्या दिवशी कलेक्टरनं परिषदेत येऊन मनाई मोडू नका असं सांगितलं. लोक मात्र तयार होते: तुरुंगात जायला राजी असलेल्या ३,८८४ जणांनी नावं नोंदवली. नावनिशीवार यादी, हेही मार्चमध्ये नव्हतं. कोण आलंय, कोण कशाला तयार आहे, हे पुढाऱ्यांना आता ठाऊक होतं. एवढी माणसं हाताशी असताना २७ तारखेला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. सरकारशी एकाच वेळी भांडण नको, दावा कोर्टात लढू, असा हिशेब. कित्येकांना तो कडू लागला असणार. शेकडो मैल चालून आलेल्याला ‘आज नाही’ सांगणं सोपं नसतं. पण मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून शांतपणे तळावर परतली, आणि या वेळी वाटेत कुणाचं डोकं फुटलं नाही.

दावा दहा वर्षं चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, तळं सर्वांना खुलं असल्याचा. नाशिकच्या काळाराम सत्याग्रहात हे शिक्षण किती कामी आलं आणि कुठे अपुरं पडलं, ते पुढच्या व्याख्यानात घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा.